सीलोजिनी क्रिस्टाटा : हिमालयातलं सुगंधी ऑर्किड, त्याची ठेवण आणि थंडीचं गणित

शेवाळवाट

डोंगरी ऑर्किडांविषयी बोलणं निघतं तेव्हा ते बहुतेक वेळा फुलांच्या फोटोंपाशी थांबतं. म्हणून एकाच जातीवर जरा ऐसपैस धागा काढतोय. सीलोजिनी क्रिस्टाटा. पांढरीशुभ्र फुलं, मधोमध पिवळी झालर, मंद गोड वास. हिमालयाच्या मधल्या उंचीवर, साधारण १५०० ते २६०० मीटरच्या पट्ट्यात, उत्तराखंडापासून नेपाळ, दार्जिलिंग, सिक्कीम, भूतान आणि पलीकडे तिबेटच्या दक्षिण कडेपर्यंत ही जात सापडते. शेवाळलेल्या झाडांवर वाढते, तशी उघड्या कातळावरही वाढते.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे झाड समजून घ्यायचं तर आधी त्या उंचीवरचं वर्ष समजून घ्यावं. जून ते सप्टेंबर धो धो पाऊस आणि धुकं. ऑक्टोबरपासून आकाश मोकळं होतं, हवा कोरडी होत जाते, रात्री कडक गार, दिवसा लख्ख ऊन. मार्च-एप्रिलमध्ये उबारा येतो आणि अधूनमधून सरी पडतात. झाडाचा एकेक अवयव या वर्षाशी बांधलेला आहे.

सुरुवात कंदापासून. ज्याला आपण सवयीने कंद म्हणतो तो वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात आभासी कंद, म्हणजे फुगलेलं खोड. मूलक्षोड म्हणजे आडवं वाढणारं जाड खोड, त्याच्यावर हे कंद ओळीने बसलेले असतात. लंबगोल किंवा जवळजवळ गोल, तीन ते सहा सेंटिमीटरचे, कोवळेपणी गुळगुळीत हिरवे. पावसाळ्यात नवा कंद भरतो, टचटचीत होतो. हिवाळ्यात त्याच्यावर बारीक सुरकुत्या पडायला लागतात, कारण झाड आता साठवलेल्या पाण्यावर चाललेलं असतं. जुने कंद पानं गळून गेल्यावरही लगेच मरत नाहीत. पुढच्यांना अन्नपाणी पुरवत राहतात. म्हणूनच या झाडाचे मोठे जुने झुबके इतके भरभरून फुलतात.

प्रत्येक कंदाच्या डोक्यावर दोन पानं. लांब, अरुंद, टोकाकडे निमुळती, गडद हिरवी आणि तुलनेने पातळ. रखरखीत उन्हात वाढणाऱ्या ऑर्किडांची पानं जाड, मांसल असतात. इथे तसं काही नाही. पानं बघूनच कळतं की सावली आणि दमट हवा यांची सवय आहे, आणि दुष्काळ सोसायचं काम कंदाकडे सोपवलेलं आहे.

मुळं बारीक आणि दाट. त्यांच्याभोवती वेलामेन नावाचं आवरण असतं : मेलेल्या, पोकळ पेशींचे थर. कोरडं असताना ते पांढुरकं दिसतं, कारण पेशींत हवा भरलेली असते. पाणी लागलं की क्षणात शोषलं जातं आणि आतला हिरवा रंग दिसायला लागतो. झाडाच्या सालीवरून पाणी ओघळून जायला कितीसा वेळ लागतो? तेवढ्यात जे मिळेल ते पकडून ठेवायचं, हे या आवरणाचं काम. मात्र हीच मुळं सतत चिंब राहिली तर गुदमरून कुजतात.

आणि फूल. कंदाच्या बुडाशी तपकिरी आवरणांनी झाकलेला देठ निघतो, लांबतो आणि खाली झुकतो. त्याच्यावर दोनपासून दहापर्यंत फुलं. एकेक फूल आठ सेंटिमीटरच्या आसपास. तीन संदलं (बाहेरच्या पाकळ्या) आणि दोन प्रदलं (आतल्या पाकळ्या) शुभ्र पांढरी, कडा किंचित लहरदार. तिसरं प्रदल म्हणजे ओष्ठ. त्याला तीन खंड : बाजूचे दोन उभे राहून मधल्या खांबाला, म्हणजे स्तंभाला, कवेत घेतात, पुढचा खंड पसरतो. ओष्ठावर लांबीच्या दिशेने धावणाऱ्या कण्या असतात, आणि या जातीत त्या कण्यांची झालर होते, सोनेरी पिवळी. ही झालर एकदा जवळून पाहावी. भिंगाखाली तर ती विसरता येणार नाही अशी दिसते.

सध्या इथेच थांबतो. वासाबद्दल आणि थंडीबद्दल खूप बोलायचं आहे, पण आधी तुमच्याकडून ऐकू दे.

रानजाई

फार सुंदर लिहिलंय. मी दार्जिलिंगच्या बाजूला मार्चमध्ये फिरले तेव्हा काही घरांच्या अंगणात याचे भरगच्च झुबके पाहिलेत. पानं दिसत नव्हती इतकी फुलं. पण खरं सांगू? वास असा आलाच नाही. नाक अगदी फुलात खुपसलं तेव्हा जरा गोडसर काहीतरी जाणवलं. मग याला सुगंधी का म्हणतात? की मी पाहिलेली जात वेगळी होती?

शेवाळवाट

जात बहुतेक हीच. किती वाजता पाहिलं त्यावर बरंच अवलंबून आहे. सुगंध म्हणजे हवेत उडून जाणारी संयुगं, आणि हवा थंड असली की ती कमी उडतात. सकाळी सात वाजता धुक्यात नाक खुपसलंत तर फारसं काही मिळणार नाही. त्याच झुबक्यावर दहा-अकराच्या सुमाराला ऊन पडलं की हाताच्या अंतरावरूनही जाणवतो. शिवाय हा वास मुळातच हलका आहे. मोगऱ्यासारखा अंगावर येत नाही.

मधपेटी

मधमाश्यांच्या बाजूने पाहिलं तरी हे जुळतं. डोंगरात सकाळी गारठा असतो तोवर माशी पेटीबाहेर पडत नाही. ऊन चढलं की उड्डाण सुरू. म्हणजे ज्या वेळी ग्राहक येणार त्याच वेळी वास सुटतो. क्रिस्टाटावर नेमकं कोण येतं ते मी पाहिलेलं नाही, पण तिच्या नात्यातल्या काही जातींवर, उदाहरणार्थ सीलोजिनी फ्लॅसिडा आणि नितिडा, सातेरी मधमाशी परागीकरण करते. चीनमध्ये सीलोजिनी फिम्ब्रिएटावर गांधीलमाश्या येतात असं आढळलंय. एकाच गटात एवढा फरक, याचं मला नवल वाटतं.

एक प्रश्न. या फुलात मध असतो का? की नुसता देखावा?

सूक्ष्मदर्शी

ऑर्किड कुळातल्या सुमारे एक तृतीयांश जाती कीटकाला काहीच देत नाहीत, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. क्रिस्टाटाबद्दल ठाम सांगण्याऐवजी फुलाची रचना सांगतो, म्हणजे तुम्ही स्वतः निरीक्षण करू शकाल.

स्तंभ म्हणजे पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकत्र जुळून झालेला खांब. त्याच्या टोकाशी टोपीखाली परागपुंज असतात, मेणासारखे घट्ट, सीलोजिनीत चार. टोपीच्या खालच्या अंगाला कुक्षीची, म्हणजे पराग स्वीकारणारी, खोलगट जागा, आणि दोहोंच्या मध्ये एक छोटा पडदा. माशी ओष्ठावर उतरते, कण्यांच्या मधल्या वाटेने आत जाते. बाजूचे उभे खंड तिला इकडेतिकडे सरकू देत नाहीत. परत निघताना तिची पाठ पडद्याला घासते, चिकट पदार्थ लागतो आणि चारही परागपुंज एकदम पाठीला चिकटून येतात. पुढच्या फुलात शिरली की ते खोलगट कुक्षीत अडकतात. बहुतेक फुलं पराग भुकटीसारखा उधळतात. इथे सगळा माल एकाच गठ्ठ्यात जातो, म्हणजे एकच नेमकी भेट पुरते, आणि ती चुकली तर सगळंच गेलं.

म्हणूनच फूल तीन-चार आठवडे टिकतं असं मला वाटतं. हिमालयात फेब्रुवारी-मार्चमध्ये चांगलं ऊन पडेल आणि माश्या उडतील असे दिवस सलग मिळत नाहीत. फुलाला वाट पाहावी लागते. गार हवेत फुलाचा श्वसनाचा वेगही मंदावतो, त्यामुळे ही वाट पाहणं त्याला परवडतं.

जुनाजाणता

सगळं वाचलं. उत्तम चाललंय. पण एका मुद्द्यावर माझं वेगळं मत आहे. सगळीकडे लिहिलेलं असतं की क्रिस्टाटाला थंडी दिली नाही तर कळ्या धरत नाहीत. माझ्या मते खरी गोष्ट थंडी नसून कोरडेपणा आहे. कंद भरल्यावर पाणी तोडलं नाही तर झाड नुसती पानं काढत राहतं. लोक थंडीच्या मागे लागतात आणि हिवाळाभर पाणी घालत बसतात. मग फूल येत नाही आणि दोष हवामानाला.

शेवाळवाट

जुनाजाणता, हिवाळ्यात पाणी घालत राहणं घातक, इथपर्यंत पूर्ण सहमत. पण थंडी बाजूला काढता येईल असं मला वाटत नाही. थोडे आकडे मांडतो.

उंचीनुसार तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. सिलिगुडी सपाटीवर, सुमारे १२० मीटरवर. दार्जिलिंग २००० मीटरच्या थोडं वर. म्हणजे खाली ३२ अंश असताना वर २० च्या आसपास. दार्जिलिंगला ऐन जुलैत दुपारचं तापमान साधारण विशीतच घुटमळतं, आणि जानेवारीच्या रात्री ते शून्याच्या बऱ्यापैकी जवळ येतं. वर्षभरात या झाडाला तिशी जवळपास दिसतच नाही.

आता उष्णतेने काय होतं ते पाहा. झाड दिवसा साखर बनवतं आणि रात्री श्वसनात त्यातली काही जाळतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की श्वसनाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. गार रात्री दिवसाची कमाई शिल्लक राहते, कंदात साठते. उकाड्याच्या रात्री ती जळून जाते. उन्हाळ्यात रात्रीही पंचवीस अंशांखाली न उतरणाऱ्या जागी क्रिस्टाटा लगेच मरत नाही, हळूहळू रोडावते. दर वर्षीचा नवा कंद आधीच्यापेक्षा लहान. असे खंगलेले कंद तुम्ही हिवाळ्यात कितीही कोरडे ठेवा, फूल काढायला त्यांच्याकडे शिल्लकच नसते.

म्हणून माझ्या मते थंडी दोनदा लागते : उन्हाळी रात्री कंद भरण्यासाठी, आणि हिवाळी रात्री, तुम्ही म्हणता त्या कोरडेपणाच्या जोडीने, कळी धरण्यासाठी. लोक फक्त दुसऱ्या थंडीचा विचार करतात.

जुनाजाणता

उन्हाळी रात्रींचा मुद्दा पटला. त्या बाजूने मी विचार केला नव्हता. तरी क्रम मी असाच लावेन : आधी मुळं निरोगी, मग कोरडा हिवाळा, मग थंडी. कारण पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात असतात.

आणि कोरडा म्हणजे किती, तेही लिहून ठेवतो, कारण याच ठिकाणी झाडं दगावतात. पूर्ण वाळवायचं नाही. डोंगरात हिवाळ्यात पाऊस नसला तरी दव पडतं, सकाळी शेवाळ ओलसर असतं. कंदावर हलक्या सुरकुत्या चालतील. मनुक्यासारखा आकसला तर जास्त झालं. अधूनमधून सकाळी हलका फवारा, आणि रात्र व्हायच्या आत झाड कोरडं.

पानापानांत

या वादाला जुना इतिहास आहे, तो सांगायचा मोह आवरत नाही.

सीलोजिनी ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, जॉन लिंडली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२० च्या दशकात प्रस्थापित केली, आणि ज्या जातीवर ती उभी आहे ती हीच क्रिस्टाटा. नमुना नेपाळातून नॅथॅनिएल वॉलिक यांच्याकडून आलेला. वॉलिक म्हणजे कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनचे अधीक्षक, जन्माने डॅनिश. १८२०-२१ मध्ये ते नेपाळात होते.

पण त्या काळी इंग्लंडमध्ये समज असा की ऑर्किड म्हणजे उष्ण, दमट, अंधाऱ्या जंगलातली वनस्पती. तापवलेल्या काचघरांत, ज्यांना तिकडे स्टोव्ह म्हणत, सगळी ऑर्किडं एकत्र कोंबली जात. १८३० मध्ये खुद्द लिंडली यांनीही भरपूर उष्णता, दमटपणा आणि सावलीचाच सल्ला दिला होता. डोंगरावरून आणलेली झाडं त्या भट्टीत धडाधड मेली. पुढे संग्राहकांकडून उंचीची, हवेची माहिती यायला लागली तशी समजूत बदलली. इंग्लंडमध्ये चॅट्सवर्थच्या बागेत तिथले मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन यांनी वेगवेगळ्या तापमानाची काचघरं ठेवायला सुरुवात केली. त्यांच्याच हाताखालचा जॉन गिब्सन १८३० च्या दशकात खासी टेकड्यांत जाऊन ऑर्किडं घेऊन आला. आणि १८६० च्या दशकात जेम्स बेटमन यांनी गार काचघराचा जोरदार पुरस्कार केला, तेव्हा कुठे डोंगरी ऑर्किडं युरोपात धड जगायला लागली.

झाडाचा नमुना हाती होता, चित्र होतं, शास्त्रीय वर्णन होतं. तो कोणत्या उंचीवरून आला ही एकच नोंद बहुधा सोबत नसायची, आणि त्यापायी किती झाडं गेली असतील याचा विचार केला की वाईट वाटतं.

रानजाई

पानापानांत, हे माहीतच नव्हतं. आणि शेवाळवाट, वासाचं उत्तर पटलं. मी पाहिलं तेव्हा सकाळच होती आणि ढग होते.

आता ओळखण्याबद्दल विचारते. त्याच भागात आणखीही पांढरी सीलोजिनी दिसतात ना? फरक कसा करायचा?

सूक्ष्मदर्शी

ओष्ठाकडे बघायचं. क्रिस्टाटात पांढरा आणि पिवळा हे दोनच रंग, आणि पिवळा भाग झालरदार. सीलोजिनी कॉरिम्बोसाच्या ओष्ठावर पिवळे डाग असतात आणि त्यांना नारिंगी-तपकिरी काठ. डोळे काढल्यासारखे दिसतात. ती उंचावरही जाते. नितिडातही पिवळ्या डागाला तपकिरी कड असते, पण फूल क्रिस्टाटाच्या जवळजवळ निम्म्या आकाराचं. फ्लॅसिडाचा घोस लांब, लोंबता, फुलं पुष्कळ आणि मळकट पांढरी. तिचा वास मात्र उग्र, सगळ्यांना सोसत नाही. तपकिरी रंगाचा ठिपकाही नसेल, फूल मोठं असेल आणि झालर असेल तर क्रिस्टाटा समजा.

क्रिस्टाटातच दोन वेगळी रूपंही आहेत. एकात पिवळा रंगच नाही, झालरीसकट फूल पूर्ण पांढरं. त्याला होलोल्यूका म्हणतात. दुसऱ्यात सोनेरीऐवजी फिकट लिंबाचा रंग, त्याचं नाव लेमोनिआना.

वर्गीकरणातली नवी घडामोडही नोंदवतो. सीलोजिनीत पूर्वी सुमारे दोनशे जाती धरत. डीएनएच्या अभ्यासातून दिसलं की फोलिडोटा, डेंड्रोकायलम अशा वेगळ्या मानलेल्या प्रजाती प्रत्यक्षात याच फांदीवरच्या आहेत. २०२१ मध्ये त्या सीलोजिनीत विलीन करण्यात आल्या, त्यामुळे आता ही प्रजाती पाचशेच्या वर जातींची झाली आहे. क्रिस्टाटाचं नाव बदललं नाही, कारण मूळ तीच.

उंबरठा

मी उत्तराखंडात कुमाऊंच्या बाजूला काही काळ राहिलो आहे. तिथे गावातली म्हातारी माणसं या झाडाला फुलासाठी ओळखत नाहीत. हाड मोडलं की कंद ठेचून लेप लावायचा, ही त्यांची ओळख. ओकच्या जुन्या झाडांवर, फांद्यांच्या बेचक्यात शेवाळाच्या गादीवर दिसायचं. रस्ता रुंद करताना किंवा चाऱ्यासाठी फांद्या छाटताना अख्खा झुबका खाली येतो आणि तिथेच वाळतो. असे पडलेले झुबके उचलून पुन्हा दुसऱ्या झाडावर बांधले तर जगतात का?

शेवाळवाट

जगतात, वेळ साधली तर. मुळं सालीला चिकटलेली असतात, ती ओढून काढताना तुटतात, आणि तुटलेली मुळं पुन्हा वाढत नाहीत. नवी मुळं फक्त नव्या कोंबाच्या बुडाशी फुटतात, फुलोरा संपल्यानंतर. म्हणून झुबका शक्य तर सालीच्या तुकड्यासकट उचलावा, त्याच उंचीवर, तशाच सावलीत, खडबडीत सालीच्या झाडावर घट्ट बांधावा. हलता झुबका मूळ धरत नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी केलं तर सगळ्यात बरं. दोनेक वर्षं फूल आलं नाही तर काळजी करू नये. या झाडाला हलवलेलं आवडत नाही आणि ते रुसून बसतं.

कंदाच्या औषधी उपयोगाबद्दल : या प्रजातीच्या कंदांतून सीलोजिन, सीलोनिन अशी संयुगं वेगळी काढलेली आहेत, म्हणजे लोकांचं म्हणणं अगदीच वाऱ्यावरचं नाही. पण याच कारणाने जंगलातून कंद पोत्याने निघायला लागले तर ती जागा परत भरायला पिढी जाईल.

मधपेटी

बिया पडतात ना पण? ऑर्किडच्या एका शेंगेत लाखो बिया असतात असं ऐकलंय. मग जंगल परत का भरत नाही?

सूक्ष्मदर्शी

लाखो असतात हे अनेक ऑर्किडांच्या बाबतीत खरं आहे, पण प्रत्येक बी म्हणजे धुळीचा कण. आत अन्नसाठा नाही. गव्हाच्या दाण्यात रोपाला पुरेल एवढी शिदोरी असते, इथे काहीच नाही. योग्य जातीची बुरशी बीमध्ये शिरली आणि तिने अन्न पुरवलं तरच अंकुर पुढे जातो. फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये हे नातं उलगडलं. म्हणजे बी वाऱ्याने उडून सालीच्या फटीत पडलं पाहिजे, तिथे ओल टिकली पाहिजे, नेमकी बुरशी तिथे असली पाहिजे आणि पुढची काही वर्षं ते झाड कुणी तोडलं नाही पाहिजे. जुनी, शेवाळलेली झाडं गेली की ही साखळी तुटते. नव्या लावलेल्या गुळगुळीत सालीच्या झाडांवर ती लगेच जुळत नाही.

प्रयोगशाळेत मात्र बुरशीशिवाय जमतं. १९२२ मध्ये अमेरिकेच्या लुइस नडसन यांनी दाखवलं की साखर आणि क्षार घातलेल्या आगरवर बी निर्जंतुक अवस्थेत रुजवता येतं. आज रोपवाटिकांत बाटलीत वाढवलेली जी रोपं मिळतात त्यांचं मूळ त्या कामात आहे. आपल्याकडे सिक्कीममध्ये पाकयोंगला राष्ट्रीय ऑर्किड संशोधन केंद्र आहे, १९९६ मध्ये सुरू झालेलं.

पानापानांत

याला जोडून एक कळकळीची विनंती. डोंगराळ भागात रस्त्याकडेला ऑर्किडांचे जुडगे विकायला असतात. कृपया ते घेऊ नका. संपूर्ण ऑर्किड कुळ साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आहे, बहुतेक जाती दुसऱ्या परिशिष्टात, क्रिस्टाटाही त्यातच. म्हणजे परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही.

जंगलातून ओरबाडलेलं झाड ओळखता येतं. मुळं एका रेषेत तुटलेली, त्यांना सालीचे कपटे आणि दगडफूल चिकटलेलं, पानांवर किडींनी खाल्लेल्या जुन्या खुणा, कंद लहानमोठे आणि वेडेवाकडे. रोपवाटिकेतलं झाड एकसारखं वाढलेलं असतं, मुळं कुंडीच्या आकारात वळलेली असतात. जुना मोठा झुबका स्वस्तात मिळतोय याचा मोह होतो, हे मला कळतं. पण तो झुबका तिथवर वाढायला किती वर्षं लागली असतील, आणि वाटेत त्याच्यासारखे किती वाळून गेले असतील, हे लक्षात घ्या.

उंबरठा

पूर्ण अनुमोदन. गावातल्या ज्या लोकांनी हे झाड ओकांवर राखलं त्यांनाच त्याची रोपं वाढवायला शिकवावं, असं मला मनापासून वाटतं.

रानजाई

शेवटचा प्रश्न, मग थांबते. माझी एक मैत्रीण कालिम्पाँगला राहते, तिच्याकडे रोपवाटिकेतून आणलेलं क्रिस्टाटा आहे. कालिम्पाँग दार्जिलिंगपेक्षा बरंच खाली आहे, पण झाड चांगलं आहे म्हणते. सध्या बुडाशी नवीन कोंब निघालेत. ते फुलाचे की पानाचे हे कसं ओळखायचं? पाणी सुरू करायचं की नाही ते त्यावर ठरेल ना?

जुनाजाणता

अगदी बरोबर विचारलंत, बहुतेकांची गडबड इथेच होते. सुरुवातीला दोन्ही कोंब सारखेच दिसतात. ऋतूवरून पहिला अंदाज बांधायचा : हिवाळा सरता सरता, कंद अजून सुरकुतलेले असताना निघालेला कोंब बहुधा फुलाचा. थोडा वाढला की तो आडवा सरकतो किंवा खाली वळतो, तपकिरी आवरणं सुटायला लागतात आणि चिमटीत हलकेच धरलं तर आत कळ्यांच्या गाठी लागतात. पानाचा कोंब सरळ वर जातो, टोक अणकुचीदार राहतं, हिरवेपणा लवकर दिसतो आणि बुडाशी नवी मुळं फुटायला लागतात.

फुलाचा कोंब दिसला म्हणून लगेच भरपूर पाणी सुरू करू नका. थोडं थोडं वाढवा, आणि पाणी कोंबाच्या आवरणात साचू देऊ नका. साचलं की कोंब आतून काळा पडतो आणि कळलं तोवर गेलेला असतो. सकाळी, कडेकडेने पाणी. कळ्या उमलल्यावर फुलांवर फवारा नको, पांढऱ्यावर तपकिरी डाग लगेच उठतात.

शेवाळवाट

याला पुस्ती. कालिम्पाँग १२५० मीटरच्या आसपास, म्हणजे या झाडाच्या नैसर्गिक पट्ट्याच्या थोडं खालीच. तिथे मे महिन्यातल्या दुपारी जपाव्या लागतील. झाड उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या बाजूला, हवा खेळती राहील असं टांगून ठेवायला सांगा. उथळ टोपली उत्तम, खोल कुंडी नको. सालीचे बारीक तुकडे आणि थोडं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) पुरे. फुलं संपून पानाचे कोंब बोटभर झाले आणि त्यांच्या बुडाशी पांढरी मुळं दिसली की पाणी वाढवायचं आणि अगदी पातळ खत सुरू करायचं. कुंडी बदलायची असेल तर तीही त्याच वेळी, पण टोपलीबाहेर कंद लोंबायला लागले तरी बदलायची घाई नको. ते तसेच लोंबू द्यावेत. खाली झुकलेल्या कंदांतून निघालेले घोस मोकळे लटकतात आणि पानांत अडकत नाहीत.

ती फुलं उमलली की सकाळी दहानंतर, उन्हात, पुन्हा वास घेऊन इथे लिहायला सांगा. मला खरंच जाणून घ्यायचं आहे.